ड्यूक २०२४-२५: दहा सामने, ८-२. आता खरं काय ते बोला

डरहॅमकर । ११ डिसेंबर २०२४

काल इन्कार्नेट वर्डला ७२-४६ ने घरी पाठवलं आणि पोरं परीक्षेच्या अभ्यासाला लागली. पुढचा सामना थेट १७ तारखेला. तेव्हा हिशोब मांडायला हीच वेळ बरी.

केरी, मॉरिसव्हिल, डरहॅमच्या लोकांना पार्श्वभूमी नको. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: ड्यूक हे नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचं विद्यापीठ, आणि हा धागा त्याच्या बास्केटबॉल संघाचा. प्रशिक्षक मायक शेशेव्स्की उर्फ कोच के २०२२ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांचाच जुना खेळाडू जॉन शायर त्या खुर्चीत बसला. २०१० ला बटलरला ६१-५९ ने हरवून अजिंक्यपद मिळवलं त्या संघात हा शायर होता. प्रशिक्षक म्हणून त्याची पहिली दोन्ही वर्षं २७-९. वाईट कोण म्हणेल? पण मार्चमध्ये, राष्ट्रीय बाद फेरीत, दोन्ही वेळा आपण धिप्पाड, वयाने मोठ्या संघांपुढे आडवे झालो. २०२३ ला टेनेसीने ६५-५२, आणि यंदाच्या मार्चमध्ये एन. सी. स्टेटने ७६-६४.

त्यानंतर शायरने घर झाडून काढलं. रोच बेलरला, मिचेल मिझुरीला, पॉवर व्हर्जिनियाला, स्टुअर्ट ओहायो स्टेटला. फिलिपाउस्की आणि मकेन एनबीएत. राहिले ते प्रॉक्टर आणि फॉस्टर. बाहेरून तीन मुरलेले आणले: टुलेनचा सायन जेम्स, परड्यूचा मेसन गिलिस, सिराक्यूजचा मलिक ब्राउन. आणि वर नवी भरती: कूपर फ्लॅग, कॉन कनूपल, खमान मलुआच, आयझेया एव्हन्स.

आतापर्यंतचे निकाल (आपले गुण आधी):

मेन ९६-६२
आर्मी १००-५८
केंटकी ७२-७७ (हार, अटलांटा)
वॉफर्ड ८६-३५
ॲरिझोना ६९-५५ (टूसानला त्यांच्या घरी)
कॅन्सस ७२-७५ (हार, लास वेगास)
सिॲटल ७०-४८
ऑबर्न ८४-७८ (आपल्या घरी)
लुईव्हिल ७६-६५ (त्यांच्या घरी)
इन्कार्नेट वर्ड ७२-४६

माझं मत सरळ आहे. हा संघ बचावात गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात चांगला ड्यूक संघ आहे, आणि सामना घासून आला की शेवटच्या चार मिनिटांत चेंडू कोणी हातात घ्यायचा हे त्यांना अजून कळलेलं नाही. पहिली गोष्ट रोज दिसते. दुसरी आठवड्या-आठवड्यात दिसतच नाही, कारण वीस-तीस गुणांनी जिंकताना ती लागतच नाही.

बचावाचं बोलू. रोज खेळणाऱ्यांत ६ फूट ५ इंचांपेक्षा बुटका एकही नाही. त्यामुळे समोरच्याने स्क्रीन लावली (म्हणजे मध्ये माणूस उभा करून वाट अडवली) की आपली पोरं बिनधास्त माणसं बदलतात. गार्ड उंच माणसावर गेला तरी भागतं, फ्लॅग गार्डवर गेला तर त्या गार्डचंच कठीण. आणि हे सगळं चुकवून कोणी आत घुसलाच, तर तिथे ७ फूट २ इंचांचा मलुआच हात वर करून उभा. ॲरिझोनाला त्यांच्याच मॅकेल सेंटरमध्ये ५५ वर रोखलं. तिथे केलेब लव होता. हो, तोच, ज्याने २०२२ च्या फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत, शेजारच्या कॅरोलायना विद्यापीठाकडून २८ गुण ठोकून कोच केंचा शेवटचा सामना खाल्ला होता. त्या रात्री टूसानला त्याला नीट श्वास घेऊ दिला नाही. मला तो सामना परत परत बघायला आवडतो आणि त्याची लाज नाही.

आता दुसरी बाजू. केंटकीविरुद्ध हाफटाइमला आपण ९ ने पुढे. फ्लॅगचे २६ गुण, १२ रिबाउंड, तेही सतराव्या वर्षी, टीव्हीवर सगळा देश बघत असताना. मग ७२-७२. चेंडू फ्लॅगकडे, बाकी चौघे आपापल्या कोपऱ्यात हात लोंबकळत उभे. तो एकटा ड्राइव्ह करतो, ओटेगा ओवे खालून हात घालून चेंडू काढून घेतो, पळतो, फाउल मिळवतो, दोन्ही फ्री थ्रो आत. पुढच्या पझेशनला, म्हणजे चेंडू परत आपल्या हाती आल्यावर, पुन्हा फ्लॅग, पुन्हा गर्दी, आणि चेंडू बाहेर. सामना संपला.

लोक म्हणाले पोरगा लहान आहे, शिकेल. अहो, पोराचं काय चुकलं? त्याला तिथे एकटं उभं केलं कोणी? एकही स्क्रीन नाही, एकही कट नाही. चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल, सचिन आउट झाला की घरोघरी टीव्ही बंद व्हायचे. इथे तर मैदानावरचे बाकीचे चौघेच टीव्ही बंद केल्यासारखे उभे होते.

बोला.

---

आकाशी_निळा । ११ डिसेंबर

धागा छान. कॅरोलायनावाला असूनही शेवटपर्यंत वाचला, यातच काय ते समजा.

लवचं नाव काढल्याबद्दल आभार. ती २०२२ ची रात्र आम्ही दर दिवाळीला आठवतो.

---

डरहॅमकर । ११ डिसेंबर

आठवा, आठवा. सध्या तुमच्याकडे आठवण्यासारखं तेवढंच आहे. अलाबामाने चॅपल हिलला येऊन ९४-७९ केलं तेव्हा तुम्ही ४-४ होतात ना?

---

आकाशी_निळा । ११ डिसेंबर

होतो. बेकॉट गेल्यापासून आमच्याकडे आत उभा राहणारा माणूसच नाही, आर. जे. डेव्हिसने एकट्याने किती ओढायचं? पण आम्ही कॅन्ससला त्यांच्या घरी जाऊन ८९-९२ असे हरलो, मावीच्या स्पर्धेत मिशिगन स्टेटशी जादा वेळेत हरलो. निदान अवघड पेपर तरी सोडवतोय. वॉफर्डला ५१ ने हरवून बचाव जगात भारी म्हणायचं हे काही पटत नाही बुवा.

---

आकडेमोड । ११ डिसेंबर

वॉफर्डचा मुद्दा लोक नेहमी काढतात, म्हणून थोडं तांत्रिक.

केनपॉमसारख्या क्रमवारीत नुसता फरक बघत नाहीत. दर १०० पझेशनमागे किती गुण केले आणि किती दिले हे मोजतात, आणि मग समोरचा संघ किती चांगला त्यानुसार ते दुरुस्त करतात. दुबळ्या संघाला ३५ वर रोखलं म्हणून फुकटचे मार्क मिळत नाहीत. तरीही ड्यूकचा बचाव तिथे अगदी वरच्या रांगेत आहे. ॲरिझोनाला ५५ वर रोखणं हे त्या आकड्यांशी जुळतंच.

डरहॅमकर, तुमच्या मुख्य मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. ५ गुणांची हार, ३ गुणांची हार. दोन सामने! दोन सामन्यांवरून 'शेवटची चार मिनिटं जमत नाहीत' हा रोग ठरवायचा? घासून होणाऱ्या सामन्यांचा निकाल वर्षभरात बराचसा नशिबाचा असतो, हे कॉलेज बास्केटबॉलचे आकडे वर्षानुवर्षं सांगतायत. एक थ्री (लांबून टाकलेला तीन गुणांचा शॉट) रिमवर फिरून आत पडला असता तर तुम्ही आज ९-१ चा धागा काढला असता आणि शायरला 'थंड डोक्याचा' म्हटलं असतं.

---

नागपुरी_संत्रं । १२ डिसेंबर

आकडेमोड भाऊ, नशीब वगैरे ठीक आहे, पण डोळ्याला दिसतं तेही बघा ना.

मी नागपूरला सिमेंटच्या कोर्टवर कॉलेजपर्यंत खेळलो. तिथेही आमचे सर शेवटच्या दोन मिनिटांत एक ठरलेली चाल करायला लावायचे, कारण घाईत डोकं चालत नाही, पाय चालतात. ड्यूककडे ती ठरलेली चाल दिसत नाही. केंटकीकडे होती. मार्क पोपचं केंटकीत पहिलंच वर्ष, अख्खा संघ नवा, तरी चेंडू शेवटपर्यंत फिरत होता.

आणि कॅन्ससचा सामना तर मला जास्त खटकला. दुसऱ्या हाफमध्ये कॅन्ससच्या डिकिन्सनने खाली पडलेल्या मलिक ब्राउनच्या डोक्याला लाथ मारली, पंचांनी त्याला थेट बाहेर काढलं. त्यांचा सगळ्यात मोठा माणूस गेला, अजून दहा मिनिटं बाकी. इथून आपण चेंडू आत मलुआचकडे द्यायला हवा की नको? आपण काय केलं, बाहेरूनच टाकत बसलो. कॅन्ससची लहान फळी पळायला लागली आणि आपण त्यांच्या वेगाने खेळलो. हे नशीब नाही भाऊ.

---

आकडेमोड । १२ डिसेंबर

डिकिन्सन गेल्यानंतरचा मुद्दा मान्य. पण मलुआचला पाठीवर माणूस घेऊन खेळता येतं का? लॉब (उंच पास) द्या, तो डंक करेल. रिबाउंड पडला तर परत टाकेल. पोस्टमध्ये, बास्केटजवळ, चेंडू देऊन 'कर काहीतरी' म्हणाल तर टर्नओव्हर. त्याने बास्केटबॉल हातात घेतला तेच मुळी उशिरा, पौगंडावस्थेत. तिथून पॅरिस ऑलिम्पिकला दक्षिण सुदानकडून खेळला हेच आश्चर्य आहे.

---

वाचनमात्र । १२ डिसेंबर

नेहमी नुसता वाचतो, आज विचारतोच. ठाण्याहून वाचतोय. कॉलेजच्या पोरांच्या खेळाचं एवढं काय? आणि डिसेंबरच्या सामन्यांना महत्त्व असतं का? खरी स्पर्धा मार्चमध्ये असते ना?

---

डरहॅमकर । १२ डिसेंबर

चांगला प्रश्न. मार्चमध्ये ६८ संघांची बाद फेरी. एक हरलात की घरी. तिथे कोण जाणार आणि कोणत्या मानांकनाने, हे एक समिती ठरवते, आणि त्यात नोव्हेंबर-डिसेंबरचे सामने मार्चपर्यंत पाठ सोडत नाहीत. आकडेमोड, ते क्वाड्रंट तुम्हीच सांगा, माझ्याने होत नाही.

---

आकडेमोड । १२ डिसेंबर

कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएएची नेट नावाची क्रमवारी असते. समोरचा संघ त्यात कितवा आणि सामना कुठे झाला, यावरून प्रत्येक सामना चारपैकी एका खणात जातो. पहिला खण: स्वतःच्या घरी पहिल्या ३० मधल्या संघाशी, त्रयस्थ मैदानावर पहिल्या ५० मधल्या, आणि त्यांच्या घरी पहिल्या ७५ मधल्या संघाशी. म्हणजे परक्या मैदानावर जिंकण्याला जास्त किंमत, आणि ती रास्तच आहे.

गंमत अशी की खण स्थिर नसतो. ज्या संघाला तुम्ही नोव्हेंबरमध्ये हरवलंत तो फेब्रुवारीत गाळात गेला की तुमचा विजयही खालच्या खणात घसरतो. उलटही होतं. म्हणून आता केंटकीला टाळ्या वाजवायच्या. त्यांनी ७ तारखेला गॉन्झागाला जादा वेळेत ९०-८९ ने हरवलं, ते आपल्या फायद्याचं. कॅन्सस मात्र आपल्याला हरवलं तेव्हा पहिल्या क्रमांकावर होतं आणि लगेच क्रेटनकडून ७६-६३ आणि मिझुरीकडून ७६-६७ अशी लागोपाठ खाल्ली. ती हार आता तेवढी चांगली दिसत नाही.

---

नागपुरी_संत्रं । १२ डिसेंबर

आणि मिझुरीत आपलाच मार्क मिचेल! इथे असताना त्याच्या थ्रीवरून सगळे शिव्या घालायचे.

---

लांडगा_आला । १३ डिसेंबर

एन. सी. स्टेटचा माजी विद्यार्थी हजर आहे. २०२४ चा मार्च. डॅलस. ७६-६४. त्याच्याआधी आपल्या लीगच्या, एसीसीच्या, स्पर्धेतही ७४-६९. बास, एवढंच सांगायचं होतं.

---

डरहॅमकर । १३ डिसेंबर

या, तुमचीच वाट बघत होतो. पाच दिवसांत पाच सामने जिंकून, अकरावं मानांकन घेऊन फायनल फोरला गेलात, मनापासून दाद दिली होती. डी. जे. बर्न्सने आपल्या पोरांना जे पाठीने ढकलत नेलं ते बघून जेवण गेलं नव्हतं. पण नीट बघाल तर शायरने उन्हाळ्यात जे केलं ते तुमच्यामुळेच केलं. सायन जेम्स, गिलिस, ब्राउन, तिघेही अंगाने भक्कम, वयाने मोठे. गिलिस तर परड्यूकडून एप्रिलमध्ये अंतिम सामना खेळून आलाय.

---

लांडगा_आला । १३ डिसेंबर

मग आम्हाला धन्यवाद द्या की राव.

गमतीचा भाग सोडा. मला सायन जेम्स सगळ्यात जास्त आवडला. गुण फार करत नाही, पण समोरच्याच्या चांगल्या गार्डला पूर्ण सामना छातीने अडवतो आणि चेंडू सांभाळतो. शेवटच्या चार मिनिटांचं उत्तर तुमच्या बेंचवरच बसलंय. फॉस्टरऐवजी त्याला शेवटी मैदानावर ठेवा, चेंडू वर आणायचं काम त्याचं, फ्लॅगला कोपराजवळ (फ्री थ्रो लाइनच्या टोकाला) उभा करा आणि तिथे चेंडू द्या. अर्धा प्रश्न मिटला. ड्रिबल करत तीस फुटांवरून यायची त्याला गरजच काय?

---

नागपुरी_संत्रं । १३ डिसेंबर

+१. फ्लॅगला चेंडू कुठे मिळतो यावरच सगळं आहे. फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर चेंडू आला तर त्याच्याकडे तीन पर्याय: शॉट, एका ड्रिबलमध्ये रिम, किंवा कोपऱ्यातल्या कनूपलला पास. मध्यरेषेपासून निघाला तर दोन माणसं वाटेत येणारच. केंटकीने तेच केलं.

---

स्वाती_केरी । १३ डिसेंबर

तुम्हा लोकांचं ते कोपर-बिपर मला कळत नाही, पण ऑबर्नच्या दिवशी माझी लेक कॅमेरॉनमध्ये, ड्यूकच्या घरच्या मैदानात, होती. ड्यूकला दुसऱ्या वर्षाला आहे. तोंडाला निळा रंग फासलेला फोटो आजीला पाठवला, आजीचा साताऱ्याहून फोन, "पोरीला काय झालंय?"

ती सांगत होती, सुरुवातीला ऑबर्न १३-२ पुढे गेलं तेव्हा एवढ्या गोंगाटाच्या जागी क्षणभर कोणाला काही सुचेना. मग तो काटकुळा एव्हन्स आला.

---

डरहॅमकर । १३ डिसेंबर

स्वातीताई, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. एव्हन्सवर लिहायचं राहूनच गेलं होतं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: ऑबर्न तेव्हा ७-० होतं, देशात दुसरं. ह्यूस्टन, आयोवा स्टेट, मेम्फिस सगळ्यांना हरवून आलेलं. (आकाशी_निळा यांच्या कॅरोलायनालाही, मावीत, ८५-७२.) आपलं काही चालेना. शायरने बेंचवरून आयझेया एव्हन्सला उठवलं. मोठ्या सामन्यांत तोवर फारसा खेळवलेला नाही, वजन विचाराल तर वारा आला तर धरून ठेवावा लागेल. पहिला थ्री आत. दुसरा आत. तिसऱ्याला पाय जमिनीवर नीट टेकायच्या आत फेकला, तोही आत. एकाच हाफमध्ये सहा थ्री, १८ गुण, आणि सगळेच्या सगळे लाइनच्या बाहेरून. कॅमेरॉन १९४० सालची इमारत, जेमतेम ९,३१४ माणसं मावतात, आणि विद्यार्थी अगदी कोर्टाला चिकटून उभे असतात. त्या दिवशी टीव्हीवरसुद्धा समालोचक ऐकू येत नव्हता.

फ्लॅगचे २२ गुण, ११ रिबाउंड. ऑबर्नच्या ब्रूमने आपल्याविरुद्ध २० गुण, १२ रिबाउंड केले तरी जिंकलो. हा खरा कसोटीचा विजय.

---

आकडेमोड । १३ डिसेंबर

आणि घासून झालेला सामना होता, ६ गुणांनी जिंकलेला. म्हणजे तुमचा शेवटच्या चार मिनिटांचा सिद्धान्त?

---

डरहॅमकर । १३ डिसेंबर

माझ्या बाजूनेच जातो. त्या दिवशी ऑबर्नच्या बचावाला एव्हन्सकडेही बघावं लागत होतं, म्हणून फ्लॅगभोवती गर्दी झाली नाही. मी तेच म्हणतोय: फ्लॅगला मोकळं सोडायचं असेल तर बाजूला कोणीतरी धोकादायक उभा हवा. एव्हन्सला रोज पंधरा मिनिटं द्या.

---

आकडेमोड । १३ डिसेंबर

आणि बचावात तो कोणाला अडवणार? तुम्हीच वर बचावाचे गोडवे गायलात. स्विच करायचं म्हटलं की समोरचा प्रशिक्षक शोधून शोधून त्याच्यावर चेंडू आणेल. शायर त्याला बसवतो त्याला कारण आहे.

---

नागपुरी_संत्रं । १३ डिसेंबर

दोघंही बरोबर. म्हणूनच प्रशिक्षकाला पैसे मिळतात. :)

कनूपलबद्दल कोणीच बोलत नाहीये. मिलवॉकीचा पोरगा, पहिलं वर्ष. हात भट्टीत तापवलेल्यासारखा नाही, उलट अंगात अजिबात घाईच नाही. शॉट पडेनात तेव्हाही तो नुसता चेंडू योग्य माणसाकडे पोचवत राहतो. शेवटच्या मिनिटात चेंडू मी त्याच्या हातात देईन, फ्लॅगच्या नाही. आणि प्रॉक्टर! तिसरं वर्ष, ऑस्ट्रेलियाचा. तो रागावून खेळला की ड्यूक वेगळाच संघ होतो. लुईव्हिलला सुरुवातीला मागे पडलो होतो तरी कोणी घाबरलं नाही, हे नोव्हेंबरमध्ये दिसलं नव्हतं.

---

वाचनमात्र । १४ डिसेंबर

ऑबर्नची झलक बघितली. च्यायला, हा फ्लॅग खरंच सतरा वर्षांचा आहे? आणि पुढच्या वर्षी आणखी भारी होईल?

---

लांडगा_आला । १४ डिसेंबर

पुढच्या वर्षी तो इथे नसेलच. एनबीएत जायला बारावीनंतर एक वर्ष आणि वय १९ लागतं, म्हणून असे खेळाडू कॉलेजात एक वर्ष काढतात आणि जातात. हा तर एक इयत्ता गाळून आधीच आलाय. मेन राज्यातल्या न्यूपोर्ट नावाच्या छोट्या गावचा. म्हणून तर पहिला सामना मेनशीच होता.

---

आकाशी_निळा । १४ डिसेंबर

मला या एक वर्षाच्या धंद्याचाच कंटाळा आलाय. त्यात आता ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलायची सोय) आणि खेळाडूंना नाव वापरू देण्याचे पैसे. दर वर्षी नवा संघ, नवी नावं पाठ करा. आमच्याकडे आर. जे. डेव्हिस पाचव्या वर्षाला आहे, त्याला आम्ही वाढताना पाहिलंय. हरला तरी आपला वाटतो.

---

डरहॅमकर । १४ डिसेंबर

यावर वाद नाही. प्रॉक्टर म्हणूनच मला जास्त जवळचा वाटतो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. एसीसी यंदा फार दुबळी आहे. एसईसी या दुसऱ्या लीगशी १६ सामन्यांची मालिका झाली, त्यात एसीसीने फक्त दोन जिंकले: आपण ऑबर्नला आणि क्लेमसनने केंटकीला. बाकी चौदा ठिकाणी धुलाई. आता अठरा संघांची लीग, त्यात कॅलिफोर्नियातले दोन. (अटलांटिक किनाऱ्याची लीग म्हणे!) लीगचे वीस सामने, आणि त्यातले बहुतेक आपण पंधरा-वीस गुणांनी जिंकू. मग शेवटची चार मिनिटं शिकणार कधी? फेब्रुवारीत न्यूयॉर्कला इलिनॉयशी एक सामना ठेवलाय, तेवढाच.

---

आकडेमोड । १४ डिसेंबर

मोठ्या फरकाने जिंकण्याची तक्रार करणारा चाहता मी पहिल्यांदाच पाहतोय.

---

डरहॅमकर । १४ डिसेंबर

आम्ही पुण्याचे. तक्रारीशिवाय आनंद पचत नाही.

---

नागपुरी_संत्रं । १८ डिसेंबर

जॉर्ज मेसन ६८-४७. पुन्हा पन्नाशीच्या आत. आता तर कंटाळा यायला लागला.

---

आकाशी_निळा । २२ डिसेंबर

काल मॅडिसन स्क्वेअर गार्डनला यूसीएलएला ७६-७४. आता ७-५. पराभवाच्या गाळातून वर येतोय, जपून राहा. १ फेब्रुवारीला कॅमेरॉनला भेटूच.

---

डरहॅमकर । २२ डिसेंबर

अभिनंदन. काल आम्हीही अटलांटात जॉर्जिया टेकला ८२-५६ केलं, फ्लॅगच्या अठराव्या वाढदिवशी. १०-२. शेवटची चार मिनिटं बेंचवाल्यांनीच काढली, म्हणजे माझा प्रश्न जिथल्या तिथे.

---

आकडेमोड । २२ डिसेंबर

तुमचा प्रश्न मार्चपर्यंत जिथल्या तिथेच राहो. तोच शुभशकुन.

---

स्वाती_केरी । २२ डिसेंबर

कॅरोलायनाच्या त्या सामन्याला आत जागा मिळावी म्हणून लेकीच्या ग्रुपने जानेवारीत तंबू ठोकायचं ठरवलंय. बारा जणांचा एक तंबू, पाळीपाळीने रात्र काढायची, मधेच भोंगा वाजला की हजेरी. अभ्यासाचं विचारलं तर म्हणते तंबूत वायफाय येतं. बाबा म्हणतो जाऊ दे, त्याला काय, तो त्यांच्यासाठी पोहे करून नेणार आहे म्हणे.

कडाक्याच्या थंडीत चालेल अशी स्लीपिंग बॅग कोणाकडे जास्तीची आहे का? केरी किंवा मॉरिसव्हिलला येऊन घेऊन जाईन. कृपया व्यनि करा.

---

आकाशी_निळा । २२ डिसेंबर

ताई, माझ्याकडे आहे, नवीकोरी. फक्त रंग आमच्या कॅरोलायनाचा, आकाशी निळा आहे. चालेल का ते लेकीला विचारून सांगा.